जमेल म्हणणारी विनिता

डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी भागात, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या कुंपणामागे मोकळं पटांगण आहे. दहा वर्षं तिथे रोज सकाळी साडेसहाला एक चमत्कारिक दृश्य दिसायचं. चाळिशी ओलांडलेल्या दोन-तीन बायका, ओढणी नाहीतर पदर कमरेला घट्ट खोचून, बंद स्कूटर ढकलत पटांगणाला फेऱ्या मारत असायच्या. गाडीवर कुणी बसायचं नाही, किल्ली लावायची नाही. फिरायला येणारे पेन्शनर थांबून बघायचे. त्यातल्या एकाने एकदा विचारलंच, "काय हो बाई, सगळ्यांचं पेट्रोल एकदमच संपलं का?"

"नाही काका, पहिला धडा चाललाय," विनिता मेस्त्री म्हणाली.

हा धडा तिचा तिनेच काढलेला. तिच्याकडे येणारी बाई गाडीला घाबरत नसे, स्वतःला घाबरत असे. येतानाच सांगायची, मला नाही हो जमायचं, सून म्हणाली म्हणून आले. अशा बाईला पहिल्याच दिवशी गाडीवर बसवलं तर ती पडणार, आणि पडली की तिचं म्हणणं तिला खरंच वाटणार. म्हणून विनिता आधी नुसती गाडी ढकलायला लावायची. गाडी एका बाजूला कलते, आता पडते असं वाटतं, आणि आपणच तिला सावरतो. असं वीस-पंचवीस वेळा झालं की हातांना कळायचं. तोंडाने कितीही धीर दिला तरी हातांना कळल्याशिवाय बाईला पटत नाही, हे विनिताला पक्कं ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट, ती स्वतः कधी गाडी चालवून दाखवत नसे. "माझ्याकडे बघून काय उपयोग? मला येतं. तिच्याकडे बघा," असं म्हणून ती महिनाभर आधी आलेल्या बाईकडे बोट दाखवायची. "परवापरवापर्यंत तुमच्यासारखीच रडत होती." ती बाई लाजत लाजत एक फेरी मारायची, आणि नवी बाई बघत राहायची.

आणि शेवटी तिचा तो शब्द. गाडीमागून धावत ती ओरडायची, "जमेल, जमेल, जमेल." पटांगणाच्या त्या टोकाला पोचल्यावर बाई मागे वळून बघायची तेव्हा तिला कळायचं, की विनिताने गाडी केव्हाच सोडून दिलीय.

हे सगळं तिच्या स्वतःवरून आलेलं. देवरुखकडच्या खेड्यात चार भावंडांत ती धाकटी. हातून तांब्या पडला तरी घरात म्हणायचे, हिला काय जमतंय. लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा हे वाक्य सोबत घेऊनच आली. नवरा, सुदेश, कापड रंगवणाऱ्या कंपनीत मशीनवर होता. मधुमेहाने त्याची नजर उतरत गेली, आणि दोन हजार बारामध्ये डॉक्टरांनी त्याची गाडी बंद केली. स्कूटर इमारतीखाली धूळ खात उभी. एका दुपारी सगळे झोपलेले असताना विनिताने ती स्टँडवरून काढली आणि आवारात ढकलत फिरवली. तीन दिवस नुसती ढकलली. चौथ्या दिवशी बसली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आणि आपल्याला काहीतरी येऊ शकतं हे तिला जन्मात पहिल्यांदा कळत होतं. पुढे सुदेशला मागे बसवून ती ठाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊ लागली. मग शेजारणीला शिकवलं, तिच्या बहिणीला शिकवलं. असं करत करत तो तिचा धंदाच झाला.

कांता गांगुर्डे तिच्याकडे आली ती दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर. दिवा स्टेशनजवळ राहायची. वय सेहेचाळीस. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दीप्ती कॉलेजात. कांता ठाण्यात कोलशेतला एका मोठ्या सोसायटीच्या पाळणाघरात कामाला होती. तिथल्या पोरांना तिच्या हातचाच भात लागायचा, म्हणून मालकिणीने तिला सकाळची सगळी जबाबदारी देऊ केलेली. अडचण पाण्याची होती. दिव्याला त्यांच्या बिल्डिंगला सकाळी सहाला अर्धा तास पाणी यायचं. ते भरून निघालं तर कोलशेतला वेळेत पोचता येत नसे, आणि वेळेत निघालं तर घरात दिवसभर पाणी नसे.

"गाडी आली तर दोन्ही होईल," कांता म्हणाली. "पण मॅडम, मला सायकल पण येत नाही. आमच्या घरात कुणी मला रस्ता पण एकटीला क्रॉस करू दिला नाही."

"मॅडम नको, ताई म्हणा," विनिता म्हणाली. "आणि आज तुम्हाला गाडी चालवायचीच नाहीये. फक्त ढकला."

दर शनिवारी-रविवारी कांता दिव्याहून यायची. इतर बायका महिन्याभरात शिकायच्या, तिला चार महिने लागले. पण तिने एक दिवस चुकवला नाही. पहिल्यांदा एकटीने पूर्ण फेरी मारली त्या दिवशी ती गाडी स्टँडवर लावून खाली मातीतच बसली. विनिता घाबरून जवळ गेली तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ताई, मला वाटायचं मी ढ आहे," ती म्हणाली. "तसं नाहीये ना?"

विनिता तिच्याशेजारी मातीत बसली. इतक्या बायका शिकवल्या, पण या एका बाईत तिला स्वतःची देवरुखची पोर दिसायची, आणि म्हणूनच तिचं या बाईकडे जरा जास्तच लक्ष होतं.

लक्ष होतं म्हणून एक गोष्ट दिसलीही. मागून जोरात हॉर्न वाजला की कांता दचकून दोन्ही मुठी आवळायची. स्कूटरवर ते वाईट. उजव्या हातात पुढचा ब्रेकही असतो आणि रेसही असते, मूठ आवळली की दोन्ही एकदम लागतात आणि गाडी हातात राहत नाही. विनिताने हे तीनदा पाहिलं. पहिल्या दोनदा म्हणाली, "हॉर्न वाजला की बोटं सैल सोडायची हं." तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मात्र तिने ठरवलं होतं, की आता गाडी रस्त्यावर काढायची नाही, पंधरा दिवस फक्त याचाच सराव घ्यायचा.

पण त्याच दिवशी कांता पक्कं लायसन्स घेऊन आली होती. कल्याणच्या टेस्टमध्ये पहिल्या फटक्यात पास झालेली. पेढे आणले होते. विनिताला एक जुनी गोष्ट आठवली. एका बाईला ती अशीच स्पष्ट बोलली होती, तुमची गाडी अजून रस्त्यायोग्य नाही म्हणून. ती बाई पुन्हा आलीच नाही. विनिताने पेढा तोंडात टाकला आणि गप्प बसली. आत्मविश्वास आला की दचकणं आपोआप जाईल, असं तिने स्वतःला समजावलं.

कांताने जुनी स्कूटर घेतली. पाळणाघराची जबाबदारीही घेतली. सकाळचं पाणी भरून, मुंब्रा-कळव्याच्या आतल्या रस्त्याने ती हळूहळू कोलशेतला जाऊ लागली. तिचे फोन यायचे. आज दीप्तीला मागे बसवून कॉलेजला सोडलं. आज जाऊबाईंना दवाखान्यात नेलं, त्या पूर्ण रस्ताभर माझी कंबर धरून बसलेल्या. सुदेश म्हणायचा, "तुझी कांता आता बोलायला लागली की थांबत नाही." पहिले दोन महिने ती जेमतेम चार शब्द बोलायची, हे त्यालाही माहीत होतं.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, एका रविवारी संध्याकाळी विनिता भाकऱ्या थापत होती तेव्हा तिचा फोन आला.

"ताई, बायपासने जाऊ का? पंचवीस मिनिटं वाचतात. आतून लई ट्रॅफिक आहे."

मुंब्रा बायपास म्हणजे दिवसरात्र कंटेनर. विनिताचा हात पिठातच थांबला.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"वाटतं जमेल. पण नुसत्या विचाराने हात थरथरतात."

"थरथरणारच," विनिता म्हणाली. हे वाक्य ती शंभर जणींना बोलली होती, ते तोंडातून सवयीने आलं. "अंगात ताकद येते ना, तेव्हा हात थरथरतात. भीती नाही ती. जमेल."

कांता अकरा दिवस बायपासने गेली. बाराव्या दिवशी सकाळी मागून येणाऱ्या कंटेनरने लांबलचक हॉर्न दिला. पाहणाऱ्यांनी सांगितलं, की तिला कुणाचा धक्का लागला नव्हता, रस्ताही कोरडा होता. गाडी एकदम उसळल्यासारखी झाली आणि ती पडली. मागच्याला थांबायला जागा मिळाली नाही. हेल्मेट डोक्यात होतं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

कांताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विनिता दिव्याला गेली. तिसऱ्या मजल्यावरची खोली माणसांनी भरलेली. बुद्धाच्या तसबिरीशेजारी कांताचा फोटो, लायसन्ससाठी काढलेलाच मोठा करून लावलेला. दाराशी पाण्याचे दोन ड्रम, तोंडापर्यंत भरलेले. वंदना संपल्यावर कांताचे दीर, उत्तम गांगुर्डे, जमलेल्यांना म्हणाले, "वहिनी असं करणारी नव्हती. कुणी सांगितलं तिला बायपासने जायला?"

दीप्तीने मान वर करून विनिताकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. थोड्या वेळाने विनिता उठली, दीप्तीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरून आली. स्टेशनपर्यंत चालताना तिच्या मनात एकच गोष्ट होती. विचारलं तेव्हा आपण गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ती पटांगणावर गेली. तीन बायका होत्या. त्यातली मेघना नावाची नवीन, पहिल्यांदाच गाडीवर बसलेली. तिने नेहमीचं विचारलं, "ताई, मला जमेल ना?" विनिताने तिला गाडीवरून उतरवलं. तिघींना तिने घरी पाठवलं. स्वतः निघाली तेव्हा मानपाडा रोडवर मागून बसचा हॉर्न वाजला, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याच दोन्ही मुठी आवळल्या गेल्यात. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गाडी कशीबशी कडेला घेऊन ती उतरली. पुन्हा बसण्याचा प्रयत्न केला, तर पाय उचलेना. घर दोन किलोमीटर होतं. तिथपर्यंत तिने गाडी ढकलत नेली.

त्यानंतर ती गाडीला शिवली नाही. शिकवणं बंद. सुदेशला आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं, त्याला ती रिक्षाने न्यायची. हळूहळू बाकीचंही सुटत गेलं. बँकेत एकटी जायची ती शेजारच्या धनेशला सोबत न्यायला लागली. गॅस संपला तर नंबर लावायचा राहून जायचा. एकदा तिच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं आणि ती ओट्याशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली, मला काय जमतंय. सुदेशने ते ऐकलं.

"विनू," तो एकदा म्हणाला, "आज गाडी चालवू नकोस. नुसती खाली जा आणि पुसून ये."

"तुम्ही माझं मलाच शिकवू नका," ती म्हणाली.

"अगं, नजर गेल्यावर मला तूच चालवलंस ना घरात? पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. पहिल्या दिवशी फक्त तीन टाकायला लावलीस."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं मी काय करतेय ते. मला सगळं ठाऊक आहे. मी पुसायला गेले तर मला कळणार, की ही युक्ती आहे."

सुदेश भिंत चाचपत पलंगाकडे वळला.

एप्रिलमध्ये एका दुपारी दारावर थाप पडली. दीप्ती होती. पत्ता आईच्या वहीत सापडला म्हणाली. बारीक झालेली. विनिताने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"काकू, एकच विचारायचंय. बायपासने जायला तुम्ही सांगितलेलं का?"

"हो," विनिता म्हणाली. "तिने फोन करून विचारलं. मी जमेल म्हणाले."

दीप्ती ऐकत होती. विनिताला वाटलं, इथे थांबलं तर पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मग तिने उरलेलंही सांगितलं. मुठी आवळायची ते. तीनदा पाहिलं ते. पेढ्यांच्या दिवशी बोलायचं ठरवून गप्प बसले ते. "तिचं मन मोडेल म्हणून नाही बोलले. आणि थोडं माझ्यासाठीही असेल. ती माझी सगळ्यात चांगली शिष्या होती असं मला वाटायचं. त्यात खोट दिसू नये, असंही असेल."

आतल्या खोलीत सुदेश जागा होता, पण तो बाहेर आला नाही.

"मला माहीत होतं," दीप्ती म्हणाली.

"काय?"

"मुठी आवळायची ते. घरात कुकरची शिट्टी झाली तरी आवळायची. मी तिच्यामागे बसून कॉलेजला जायची ना, तेव्हा दोनदा झालेलं. एकदा तर आम्ही पडता पडता वाचलेलो." तिने पेला खाली ठेवला. "मी पण नाही बोलली. मला वाटलं, बोलली तर ती गाडी सोडून देईल. परत आधीसारखी होईल. आधी ती कशी होती तुम्हाला नाही माहीत. दुकानात पण मला पुढे करायची. मला ती नको होती परत."

विनिताने तिचा हात धरायला हात पुढे केला. दीप्तीने तो धरू दिला, पण आपली बोटं मिटली नाहीत.

"तुम्हाला माफ केलं वगैरे सांगायला नाही आलेली मी," ती म्हणाली. "मला फक्त हे कुणालातरी सांगायचं होतं. उत्तमकाकांना नाही सांगू शकत."

जाताना तिने सांगितलं, की कॉलेज तिने सोडलं आहे. घोडबंदर रोडला एका कपड्यांच्या दुकानात लागली आहे. सकाळचं पाणी शेजारची बाई भरून ठेवते. विनिता तिला सोडायला जिन्यापर्यंत गेली, आणि ती वळणावर दिसेनाशी झाल्यावरही कठडा धरून तिथेच उभी राहिली.

त्या दिवसानंतर विनिताच्या मनावरचं ओझं हललं, उतरलं नाही. पण आणखी काही महिन्यांनी ती एकदा खाली जाऊन गाडी पुसून आली. सुदेशला तिने सांगितलं नाही. पुढे ती चालवत पटांगणापर्यंत न्यायला लागली. स्टेशनच्या पलीकडे मात्र ती आजही जात नाही.

दोन हजार पंचवीसच्या उन्हाळ्यात नंदा नावाची एक बाई दारात येऊन बसली. शिकवल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. पोळ्यांची कामं करायची, पन्नाशीला आलेली, बोलायला फटकळ. विनिताने तिला घेतलं. आता शिकवण्यात एक नवीन भर पडली होती. पटांगणाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सुदेश बसायचा, मांडीवर भंगारातून आणलेला ट्रकचा हॉर्न आणि बॅटरी घेऊन. नंदाची गाडी जवळून गेल्याचा आवाज आला, की मनाला येईल तेव्हा तो हॉर्न वाजवायचा. नंदाने बोटं सैल सोडायची. सोडली नाहीत तर फेरी पुन्हा.

दोन महिन्यांनी नंदा म्हणाली, "ताई, आता मेन रोडला काढते मी. जमेल ना?"

"अजून नाही," विनिता म्हणाली. "दहातून तीनदा तुमचा उजवा हात आवळतो."

"सात वेळा नाही ना आवळत?"

"तीनदा आवळतो, नंदाताई."

नंदाचा चेहरा उतरला. "तुम्ही लई धीर देता असं ऐकलेलं मी," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पंधरा दिवस वाट पाहून विनिता तिच्या घरी गेली. जिन्याखाली नंदाची स्कूटर उभी होती, वर ताडपत्री टाकलेली. नंदाने चहा केला. विनिता म्हणाली, "महिनाभर लागेल अजून. जास्तीत जास्त दीड. मी रोज येईन. तीनचं एकवर आणू, एकचं शून्यावर. ते होतंच, मी पाहिलंय. पण आज नाही झालेलं, एवढंच म्हणाले मी."

"कळलं ते मला," नंदा म्हणाली. ती रागात नव्हती. "पण ताई, तेव्हा एकदम हौस आलेली हो. मी कोण आणि गाडी कोण, तरी वाटलं की होईल. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मनात आलं, बघ, तुला माहीतच होतं. मग ती हौस गेली. आता गाडी पोराला देणार आहे."

विनिताने तिला पुष्कळ समजावलं. नंदा ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि चहा संपल्यावर तिने कप उचलले. विनिताला कळलं, की आपण आलो ते पंधरा दिवस उशिरा. खोटं बोलायचं नाही एवढंच आपण शिकलो. खरं सांगितल्यावर त्याच क्षणी बाईचा हात कसा धरून ठेवायचा, ते अजून आपल्याला यायचंय.

घरी आल्यावर सुदेशने विचारलं, "येतेय का?"

"नाही."

"मग उद्या?"

"उद्या कुणी नाही."

तरी दुसऱ्या दिवशी दोघं पहाटे उठली. चहा घेऊन, त्याचा हात खांद्यावर ठेवून, ती त्याला पटांगणावर घेऊन गेली. साडेसात वाजेपर्यंत दोघं तिथे बसून होती. पेन्शनर काका एक फेरी मारून गेले, त्यांनी हात केला. कुणी बाई आली नाही. ऊन वर आलं तसं विनिताने खुर्ची उचलली, आणि दोघं सावकाश घराकडे निघाली.